रिकॉल आलेली इलेक्ट्रिक गाडी आणि घरातला कापूस

चालवायला गाडी झकास आहे, हे आधी सांगून टाकतो. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावाहून नागपूरला जाऊन यायला एक चार्जिंग पुरतं, मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना एसी लावूनही. मागच्या सीटवर मांडीला आधार कमी पडतो, बस्स.

खरी परीक्षा झाली ती कंपनीच्या रिकॉलच्या, म्हणजे दोष निघाल्याने गाडी दुरुस्तीला परत बोलावण्याच्या, मेसेजनंतर. हाय-व्होल्टेज बॅटरीच्या काही सेलमध्ये बनावटीचा दोष, आग लागू शकते; दुरुस्ती होईपर्यंत 80 टक्क्यांच्या वर चार्ज करू नका, रात्रभर चार्जिंगला लावू नका, गाडी घरापासून दूर उघड्यावर ठेवा.

सल्ला खोटा नाही. सेलच्या आत दोन ध्रुवांमध्ये पातळ पडदा असतो. तो दुमडला किंवा फाटला की आतल्या आत शॉर्ट होतो, आणि सेल जितका भरलेला तितका भडका मोठा. 2021 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने शेवरले बोल्ट या इलेक्ट्रिक गाडीच्या मालकांना असंच सांगितलं होतं, मर्यादा तेवढी 90 टक्क्यांची होती.

पण हा सल्ला लिहिणाऱ्याने कापसाचं घर पाहिलेलं नसावं. दिवाळीनंतर वेचलेला कापूस आमच्याकडे भाव चढेपर्यंत घरातच पडून असतो. गाडीची छपरी, मधे एक भिंत, पलीकडे कापूस, मागे कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग. मेसेज ऐकून बाबा एवढंच म्हणाले, "गाडी बाहेर काढ. कापसाले आग लागली तं वर्ष गेलं." बंब येणार तालुक्याहून, आणि बॅटरीची आग विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते.

गाडी बाहेर काढली तर चार्जिंग कुठे? साधी एक्स्टेन्शन वायर चालत नाही. फाटकाजवळ वेगळी वायर ओढून 15 अँपिअरचा सॉकेट आणि नवं अर्थिंग करून घेतलं, खर्च माझा. घरच्या सॉकेटवर चार्जिंग म्हणजे दहा-बारा तासांचं काम. रात्री लावायचं नाही आणि दिवसा लाइन कधी जाईल याचा नेम नाही. नागपूरहून परतताना हायवेवर फास्ट चार्जर शोधत बसणं नेहमीचं झालं. कॉल सेंटरवाली मुलगी मात्र विचारत होती, "सर, बेसमेंट पार्किंग आहे का?"

बॅटरीचं मॉड्यूल (सेलचा संच) बदलून मिळालं तोवर संक्रांत उलटली. बिलात कूलंटचे, म्हणजे बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, पैसे लावले होते. रिकॉलचं काम फुकट असतं, म्हणून भांडून काढायला लावले. त्यानंतर रेंज पूर्वीसारखी आहे, छपरीतही गाडी येते. तरी कापूस घरात असेपर्यंत चार्जिंग फाटकाजवळच, तो बाबांचा हुकूम.

गाडीला पाचपैकी चार, कंपनीला दोन. जुनी इलेक्ट्रिक गाडी घेत असाल तर चॅसिस नंबर सांगून रिकॉल बाकी आहे का ते सर्व्हिस सेंटरला विचारा आणि काम झाल्याचा कागद हातात घ्या. मेसेज पहिल्या मालकाच्या फोनवर गेलेला असतो.