कर्ज शून्य करून देतो म्हणाला आणि 1,04,799 रुपये घेऊन गेला

कर्ज फेडणं हाताबाहेर गेलंय म्हणून दिवाळखोरीचा अर्ज करावा का, या विचारात असाल आणि त्यासाठी एखादी रील बघून फोन लावणार असाल, तर आधी हे वाचा. माझे 1,04,799 रुपये गेले. थकलेल्या हप्त्यांवरचा दंड वेगळा, आणि जामीनदाराने बोलणं टाकलं ते वेगळंच.

कर्जमाफीच्या नावाने लुटणारे हे लोक गाठतात कसे ते सगळ्यांना माहीत आहे. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले की आठवड्याभरात मोबाइलवर नेमकी तीच जाहिरात येते. माझ्यावर बँकेचं पर्सनल लोन 4,60,000, पतसंस्थेचे 1,80,000, दोन क्रेडिट कार्डांचे 1,37,400 आणि ॲपवाल्यांचे 48,600, असे मिळून 8,26,000 रुपये होते. पगार हातात येतो 38,500 आणि हप्ते जायचे 31,700. अशा वेळी काळा कोट आणि पांढरा बँड लावलेला माणूस ‘नवीन कायद्याने सहा महिन्यांत सगळं कर्ज माफ’ म्हणत असेल, तर कोण थांबून ऐकणार नाही? मी काही अडाणी नाही. नाशिकच्या सातपूरला कंपनीत क्वालिटी तपासणीला आहे, दहा मायक्रॉनचा फरक हातात घेऊन दाखवतो.

वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे. बार कौन्सिलच्या नियमांत नियम 36 म्हणून ते छापलेलं आहे. म्हणजे रीलवर ‘फी फक्त 2,499’ दिसली तिथेच विषय संपला. पण हे आपल्याला कोण सांगतं?

2,499 ‘पात्रता तपासणी’चे दिले. मग 45,000 केसची फी, 15,000 च्या तीन हप्त्यांत. मग 18,500 ‘ट्रिब्युनल नोंदणी’. मग 11,800 ॲफिडेव्हिट आणि ड्राफ्टिंगचे, जीएसटीसकट. शेवटचे 27,000 ‘रिझोल्युशन प्रोफेशनल’च्या, म्हणजे दिवाळखोरीचं प्रकरण हाताळणाऱ्या माणसाच्या, डिपॉझिटचे, ते तर बायकोने भिशीतून उचलून दिले. सगळे यूपीआयने, आणि दर नव्या फीला वेगळ्या क्यूआर कोडवर.

आता ज्या क्षणाची मला रात्री-अपरात्री चीड येते, तो सांगतो. केबिनमध्ये त्याने 2016 च्या दिवाळखोरी संहितेचं पान समोर ठेवलं. ‘फ्रेश स्टार्ट’ असं शीर्षक होतं आणि त्यातल्या कर्जमुक्तीच्या ओळीवर पिवळा हायलायटर फिरवलेला. खालच्या ओळींना रंग नाही. मी त्या वाचल्या. वाचल्या म्हणजे मोठ्याने वाचल्या: वार्षिक उत्पन्न 60,000 च्या आत, मालमत्ता 20,000 च्या आत, कर्ज 35,000 च्या आत. मी म्हटलं, ‘सर, इथे वर्षाचे साठ हजार लिहिलंय, माझा महिन्याचा पगारच अडतीस आहे.’ त्याने पान ओढून घेतलं, दुमडलं आणि म्हणाला, ‘दादा, ते जुने आकडे. अमेंडमेंट आलीय.’ मग टेबलावरच्या मुलीला माझ्यासाठी चहा सांगितला. मी चहा प्यायलो! आकडा समोर छापलेला, माझं रोजचं काम आकडे ताडून बघायचं. पण त्या दिवशी सकाळीच वसुलीवाला कंपनीच्या गेटवर येऊन माझं नाव घेऊन ओरडून गेला होता, आणि मला कुणीतरी ‘होईल’ म्हणायला हवं होतं. हे ज्याला कळत नाही त्याच्यावर वेळ आलेली नाही.

जिल्हा न्यायालयातल्या एका खऱ्या वकिलीणबाईंनी नंतर सगळं उलगडून सांगितलं. फी घेतली 1,500. त्या संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग आजही फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू आहे, तोही 1 डिसेंबर 2019 पासून. तुमच्या-माझ्यासारख्या नोकरदाराला तो लागूच झालेला नाही. ‘फ्रेश स्टार्ट’ कागदावर आहे, कुणालाही मिळालेला नाही. आपल्याला अजून इंग्रजांच्या काळातले कायदे आहेत: मुंबई शहरात 1909 चा, तिथे अर्ज हायकोर्टात, नाशिक, पुणे, नगर अशा ठिकाणी 1920 चा, तिथे जिल्हा न्यायालयात. अर्जाला कर्ज किमान 500 रुपयांचं हवं आणि फेडायची ऐपत नाही हे कोर्टाला पटवावं लागतं. म्हणजे पात्र मी असेनही! पण कोर्टाने नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवलं की मालमत्ता रिसीव्हरच्या, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात जाते, आणि कर्जातून मुक्तता आपोआप मिळत नाही, तिचा वेगळा अर्ज करावा लागतो. तो कोर्ट नाकारूही शकतं. तोवर स्वतःची नादारी न सांगता 50 रुपयांची उधारी केली तरी गुन्हा. आणि जामीनदार सुटत नाही. माझी सुटका झाली असती तरी पतसंस्था माझ्या जामीनदाराच्याच मागे लागली असती. तो कंपनीत माझ्याच विभागातला. त्याच्या पगारातून वसुलीची नोटीस एचआरला आली तेव्हापासून डबा तो दुसऱ्या टेबलावर खातो.

त्या भामट्याने आणखी दोन उद्योग सांगितले होते. एक, हप्ते बंद करा, मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) रद्द करा, नोटिसा उघडूसुद्धा नका. मँडेट बाउन्स होणं हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा आहे हे मला समन्स आल्यावर कळलं. लवादाची नोटीस न उघडता तशीच ठेवली, तिथे एकतर्फी निकाल लागला. दोन, गावाकडच्या जमिनीतला माझा हिस्सा भावाच्या नावे हक्कसोड करा, बायकोचे दागिने हलवा. हक्कसोड राहिलं ते भावाला सुट्टी मिळाली नाही म्हणून. वकिलीणबाईंनी कपाळावर हात मारला. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत असं नावावर करून दिलेलं कोर्ट रद्द करतं आणि वर तुम्हीच लबाड ठरता. मंगळसूत्राला तर कायद्यानेच जप्तीतून सूट आहे. भांडी, कारागिराची अवजारं, भविष्य निर्वाह निधी, पगाराचा मोठा भाग, यांनाही. पहिल्या भेटीत कमाई किती, नावावर काय, जामीनदार कोण, हे जो विचारत नाही तो वकील नव्हे. माझ्याकडे वकालतनामा, म्हणजे वकिलाला केस चालवायचा अधिकार देणारा कागद, मागितलाच नव्हता. 500 च्या स्टॅम्पपेपरवर ‘सेवा करार’ केला. केस नंबर दिला होता एनसीएलटी मुंबईचा, म्हणजे कंपन्यांच्या केसेस चालवणाऱ्या ट्रिब्युनलचा, तो त्यांच्या वेबसाइटवर फुकट तपासता येतो. तिथे त्या नंबरवर भलत्याच कंपनीची केस निघाली.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे यूपीआयने गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः ऑफिसात बसून दिलेत, हे ऑनलाइन कुठलं, ठाण्यात जा. ठाण्यात दुसऱ्यांदा गेलो तर ड्युटीवरचे साहेब करार बघून म्हणाले, हा दिवाणी मामला. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. वकिलांच्या संघटनेत सांगितलं की तो वकीलच नाही, सनद (वकिलीचा परवाना) दुसऱ्या कुणाची तरी आहे, आम्ही काय करणार. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर गेलो तर तिथला बाबू पावतीवरचं ‘ॲडव्होकेट’ वाचून म्हणाला, वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, 2024 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. म्हणजे एका खिडकीवर तो वकील नाही म्हणून मला न्याय नाही आणि दुसऱ्या खिडकीवर तो वकील आहे म्हणून! अरे, ठरवा तरी! वसुलीवाल्याला माझ्या कंपनीचं गेट सापडतं, आणि पाच क्यूआर कोड, पाच खाती, करारावरची सही एवढं हातात असून यांना एक माणूस सापडत नाही.

पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी केला तेव्हा खाती रिकामी झालेली होती. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर तीच लेखी टपालाने पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना पाठवा, पोच जपून ठेवा. नंतर मॅजिस्ट्रेटकडे जाताना तीच लागते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, कर्ज पत्नीच्या नावावर असेल तर आधी तिथे जा. सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेवर तडजोड, बँकेशी थेट करा, लेखी पत्र आल्याशिवाय रुपया भरू नका, आणि सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा पडणार हे धरून चाला. ‘सिबिल क्लीन करून देतो’ म्हणणारा त्याच टोळीतला.

पतसंस्थेचं प्रकरण येत्या लोकअदालतीत ठेवलंय, व्याजात थोडी सूट देऊ म्हणतायत. फसवणुकीची फिर्याद मॅजिस्ट्रेटपुढे करायची तर वकिलीणबाईंची फी आणि खर्च मिळून 20,000 होतील. हप्त्याने घ्यायला त्या तयार आहेत. केबिनवर आता दुसरा बोर्ड लागलाय, आणि जाहिरात चालूच आहे, फी तेवढी 1,999 केलीय.