नोटो सॅन्स सीजेके : शब्दपुस्तिकेतील कोरियन अक्षरांसाठी वापरून पाहिलेला फॉन्ट

बेळगावात कोरियन शिकू लागलेल्या मुलांसाठी मी मराठी, कन्नड आणि कोरियन अशी त्रैभाषिक शब्दपुस्तिका तयार करत आहे. खडे बाजारातील एका छापखान्यातून तिचे पहिले प्रूफ आले तेव्हा खाद्यपदार्थांच्या यादीत ‘तोम याम’ या थाई सारातील पहिल्या कोरियन अक्षराच्या जागी मोकळा चौकोन उमटला होता. दोष ऑपरेटरचा नव्हता. त्याच्याकडील जुना फॉन्ट १९८७ च्या ‘केएस सी ५६०१’ या कोरियन मानकापुरताच होता; त्या मानकात हंगुलची, म्हणजे कोरियन लिपीची, २,३५० तयार अक्षरे आहेत आणि त्यांत हे अक्षर नाही.

म्हणून गूगल आणि अडोबी यांनी २०१४ साली आणलेला नोटो सॅन्स सीजेके (सीजेके म्हणजे चिनी, जपानी, कोरियन) हा मोफत फॉन्ट घेतला आणि त्यातील कोरियन आवृत्ती बसवली. अशा मोकळ्या चौकोनांना इंग्रजीत ‘टोफू’ म्हणतात आणि ते दिसू नयेत या हेतूनेच ‘नो टोफू’ वरून ‘नोटो’ हे नाव ठेवलेले आहे. आधुनिक हंगुलची सर्व ११,१७२ अक्षरे यात आहेत.

हा आकडा कोठून आला हे कळले की फॉन्टची पारख सोपी होते. हंगुलच्या प्रत्येक अक्षरात आरंभीचे व्यंजन, मधला स्वर आणि असल्यास शेवटचे व्यंजन असते. आरंभीची व्यंजने १९, स्वर २१ आणि शेवटच्या जागेचे पर्याय, रिकामी जागा धरून, २८ असल्याने गुणाकार ११,१७२ येतो. जगभरच्या लिपींतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या १९९६ च्या २.० आवृत्तीपासून ही सर्व अक्षरे ४४०३२ ते ५५२०३ या सलग क्रमांकांवर बसवलेली आहेत. ‘हान’ या अक्षराचा क्रमांक काढायचा असेल तर, शून्यापासून मोजता, ‘ह’ अठरावा, ‘आ’ शून्यावा आणि शेवटचा ‘न’ चौथा. आरंभीच्या प्रत्येक व्यंजनाची २१ गुणिले २८, म्हणजे ५८८ अक्षरे होतात; म्हणून ४४०३२ मध्ये १८ गुणिले ५८८ आणि वर ४ मिळवले की ५४६२० मिळतो. आपल्या जोडाक्षरांना असे स्वतंत्र क्रमांक नाहीत; देवनागरीच्या मूळ विभागात १२८ जागा आहेत आणि ‘क्ष’ किंवा ‘ऱ्य’ घडवण्याचे काम फॉन्टवरच पडते.

या मांडणीचा मला सर्वाधिक लाभ अनुक्रमणिकेत झाला. हंगुलचे क्रमांक दक्षिण कोरियातील कोशांच्या क्रमानेच असल्यामुळे कोरियन शब्द संगणकाने एका झटक्यात लावले. मराठी यादीत मात्र ‘ळ’ चा क्रमांक ‘ल’ च्या लगेच पुढे असल्याने ते शब्द ‘ह’ च्या मागे जाण्याऐवजी मध्येच घुसले.

तक्रारीही आहेत. प्रत्येक जाडीची फाइल बरीच मोठी असल्याने छापखान्यातील जुना संगणक ती उघडताना अडखळतो. शिवाय फॉन्ट चांगला असला तरी मजकूर कसा साठवला आहे हे त्याच्या हातात नसते. एका मित्राच्या मॅकवरून आलेल्या काही फाइलींच्या नावांत ‘हान’ एका अक्षराऐवजी तीन सुट्या घटकांनी लिहिलेले होते, त्यामुळे यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, ३ ऐवजी ९ बाइट लागले. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत होते, पण शोध घेतला तर फाइल सापडेना. जोडलेल्या रूपात बदलून घेतल्यावरच ती सापडली.

सीमाभागातील कामासाठी आणखी एक सोय म्हणजे याच कुटुंबात देवनागरी आणि कन्नडचेही फॉन्ट आहेत. देवनागरीत भाषा म्हणून मराठी निवडली की ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. न निवडल्यास हिंदी वळण राहते, हे मात्र छापखान्यात दोनदा सांगावे लागले.

दुसऱ्या प्रुफात चौकोन नाही. ‘ळ’ चे शब्द मात्र अजून हातानेच हलवतो आहे.