टेकओन, आयकॅक्ल्स आणि रोबोकॉपी: ‘ॲक्सेस इज डिनाइड’वर तिन्ही वापरून झाले, कुठलं कधी वापरायचं ते सांगतो

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा मीपण शेवटी नवीन एसएसडी घेतली, तिच्यावर विंडोज ११ एकदम कोरं टाकलं, जुनी एसएसडी काढून कपाटात ठेवली आणि घरचे फोटो, कामाच्या फाइली असलेली मोठी हार्ड डिस्क होती तशीच परत जोडली. ड्राइव्ह दिसला, फोल्डर दिसले, पण फोटोंच्या फोल्डरवर डबल क्लिक केलं तर परवानगी नाही, कंटिन्यू दाबा म्हणे, आणि कंटिन्यू दाबलं तर पुन्हा नकार, सिक्युरिटी टॅबमध्ये जाऊन बघा. पंधरा वर्षांचे फोटो समोर आहेत आणि उघडत नाहीत, पोटात गोळाच येतो हो. एका दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला डिस्क फॉरमॅट करावी लागेल. कृपा करून कोणी असं ऐकू नका. डेटाला काहीही झालेलं नसतं.

झालेलं काय असतं ते आधी सांगतो, कारण हे कळलं नाही तर खालचं सगळं नुसतं मंत्र म्हटल्यासारखं होतं. एनटीएफएस म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची विंडोजची पद्धत, जी १९९३ पासून विंडोज एनटीसोबत आहे, ती फाइलवर तुमचं नाव लिहून ठेवत नाही, एक लांबलचक नंबर लिहून ठेवते, त्याला एसआयडी म्हणतात, एस-१-५-२१ ने सुरू होणारा. विंडोज कोरं टाकलं की नवीन अकाउंटला नवीन एसआयडी मिळतो. नाव तेच ठेवा, पासवर्ड तोच ठेवा, सिस्टिमसाठी तुम्ही वेगळा माणूस. घरात कॉम्प्युटर सगळेच वापरतात म्हणून फोटोंचा आणि कामाचा फोल्डर मी जुन्या विंडोजमध्ये फक्त माझ्या अकाउंटपुरता ठेवला होता, म्हणजे कुलूप मीच लावलेलं आणि ते आपलं काम चोख करत होतं. सिक्युरिटी टॅबमध्ये ‘अकाउंट अननोन’ आणि पुढे तो नंबर दिसला तर समजा हाच प्रकार आहे. जुन्याच विंडोजवर अपग्रेड चढवलं असेल तर अकाउंट आणि एसआयडी तेच राहतात, तेव्हा मालकीचा घोळ सहसा नसतो, कारण दुसरीकडे शोधावं लागतं, त्यावर खाली येतो. पेन ड्राइव्ह एक्सफॅट असेल तर त्यावर असं कधीच होत नाही कारण त्या फॉरमॅटमध्ये परवानग्या हा प्रकारच नाही.

आता मी पहिल्यांदा काय केलं ते, म्हणजे तुम्ही करणार नाही. राइट क्लिक मेनूत ‘टेक ओनरशिप’ आणणारं एक फुकट टूल टाकलं, नाव देत नाही, आणि अख्ख्या ड्राइव्हवर चालवलं. फोल्डर उघडले हे खरं, पण त्याने मालकी घेऊन सगळीकडे ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देऊन टाकला होता. दोन दिवसांनी सर्व्हरला लॉगिन करायला गेलो तर ओपनएसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणाऱ्या प्रोग्रामने, माझी प्रायव्हेट की, म्हणजे लॉगिनची गुप्त किल्ली असलेली फाइल, घ्यायलाच नकार दिला, म्हणे ही फाइल इतरांनाही वाचता येतेय. बरोबरच होतं त्याचं. घरातला कोणीही माझ्या कामाच्या फाइली उघडू शकत होता आणि मला ते दोन दिवस माहीतच नव्हतं. टूल काढून टाकलं आणि मग विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या तीन कमांड नीट शिकलो. तिन्हीसाठी कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करूनच उघडायचा, तुमचं अकाउंट ॲडमिन आहे एवढ्याने भागत नाही.

टेकओन. नावाप्रमाणे मालकी घेते, स्लॅश एफ आणि फोल्डरचा पाथ, म्हणजे पूर्ण पत्ता, आतल्या सगळ्यासाठी स्लॅश आर. लोक इथेच फसतात, कारण मालक झालं म्हणजे फाइल वाचता येते असं नाही, मालकाला फक्त परवानग्या बदलायचा हक्क मिळतो, म्हणून टेकओन ‘सक्सेस’ म्हणते आणि फाइल तरी उघडत नाही, आणि माणूस म्हणतो कमांड बोगस आहे. बोगस नाही, अर्धंच काम झालंय. स्लॅश ए लावलं तर मालकी तुमच्याऐवजी ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपकडे जाते, घरच्या सामायिक फोल्डरला मला तेच बरं वाटतं. मला न आवडलेली गोष्ट म्हणजे स्लॅश डी वाय. ज्या फोल्डरमध्ये डोकावताही येत नाही तिथे ती विचारते की इथल्या परवानग्या बदलून तुम्हाला फुल कंट्रोल देऊ का, आणि वाय म्हणजे सगळ्यांना हो. जुन्या परवानग्या तिथल्या तिथे गेल्या. शिवाय ते अक्षर विंडोजच्या भाषेवर ठरतं, जर्मन विंडोजमध्ये वायच्या जागी जे द्यावं लागतं. कामाची कमांड आहे पण पाचपैकी तीनच देईन.

आयकॅक्ल्स मात्र मनापासून आवडली. जुन्या कॅक्ल्सच्या जागी व्हिस्टापासून आली आणि आपल्यासारख्यांना हिच्यातलं एक टक्काही माहीत नसतं. नुसता पाथ दिला तर कोणाला काय परवानगी आहे ते दाखवते, पहिल्यांदा एवढंच करा आणि बघा. स्लॅश रिसेटने फाइलवरच्या खास परवानग्या पुसून वरच्या फोल्डरच्या परवानग्या खाली लागू होतात, सोबत स्लॅश टी म्हणजे आतपर्यंत, स्लॅश सी म्हणजे एखाद्या फाइलवर अडली तरी पुढे जा. शेवटी किती फाइली झाल्या किती राहिल्या तो आकडा येतो, तो वाचल्याशिवाय खिडकी बंद करू नका. त्या टूलने केलेला ‘एव्हरीवन’चा पसारा मी असाच आवरला, म्हणजे आधी वरच्या फोल्डरवर हव्या त्याच परवानग्या ठेवल्या आणि मग त्याच्या आतल्या सगळ्यावर रिसेट.

पण खरी भारी गोष्ट आहे स्लॅश सेव्ह आणि स्लॅश रिस्टोर. सगळ्या परवानग्या एका फाइलमध्ये लिहून ठेवता येतात आणि परत लावता येतात, आणि रिस्टोर करताना स्लॅश सब्स्टिट्यूट देऊन सांगता येतं की जुना एसआयडी दिसेल तिथे नवीन एसआयडी लाव! म्हणजे जुन्या विंडोजमध्ये निघायच्या आधी ‘हू ॲम आय स्लॅश यूझर’ने आपला नंबर टिपून ठेवायचा, परवानग्या सेव्ह करायच्या, नवीन विंडोजवर मालकी घ्यायची आणि नंबर बदलून रिस्टोर करायचं, कुलपं होती तशी, फक्त किल्ली नवीन. घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या वेळी मी असंच केलं आणि एकही फोल्डर अडला नाही. दोन खाचखळगे आहेत. सेव्हमध्ये मालक कोण ते लिहिलं जात नाही, फक्त परवानग्या. आणि सेव्ह केलेल्या फाइलमध्ये पाथ अर्धवट असतात म्हणून रिस्टोर करताना त्या फोल्डरचा नाही तर त्याच्या वरच्या फोल्डरचा पाथ द्यायचा, हे लक्षात यायला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून हात लावू नका. साडेचार.

रोबोकॉपी तशी कॉपी करायची कमांड, परवानग्यांशी तिचा काय संबंध असं वाटेल, पण तुम्हाला जुन्या परवानग्यांशी काही घेणंदेणं नसेल आणि फक्त फाइली हव्या असतील तर हिच्यासारखं सोपं काही नाही. स्लॅश बी म्हणजे बॅकअप मोड, त्यात ॲडमिनला बॅकअपचा जो हक्क असतो तो वापरून ती कुलूपबंद फोल्डरमधूनही वाचते, मूळ फाइलींच्या परवानगीला बोटही न लावता. नवीन कॉपीला परवानग्या नवीन जागेच्या मिळतात. एक्सप्लोररमध्येसुद्धा हाच नियम, एकाच ड्राइव्हमध्ये फाइल मूव्ह केली की जुन्या परवानग्या सोबत येतात, कॉपी केली की नवीन जागेच्या लागतात, म्हणून अडचणीच्या फाइली कट-पेस्ट करू नका. रोबोकॉपीत स्लॅश आर, म्हणजे किती वेळा प्रयत्न, आणि स्लॅश डब्ल्यू, म्हणजे मध्ये किती सेकंद थांबायचं, स्वतः द्या, कारण न दिल्यास ती एका अडलेल्या फाइलसाठी ३० सेकंद थांबून १० लाख वेळा प्रयत्न करते, हिशोब केला तर ३४७ दिवस! मी दोन्हीला १ देतो. आणि स्लॅश एक्सजे विसरू नका, का ते आता सांगतो.

लपलेल्या आणि सिस्टिम फाइली दाखवायचं सेटिंग चालू केलं की प्रोफाइलमध्ये, म्हणजे तुमच्या अकाउंटच्या फोल्डरमध्ये, ‘माय डॉक्युमेंट्स’, ‘ॲप्लिकेशन डेटा’ असे फोल्डर दिसतात आणि ते उघडत नाहीत. ते बिघडलेले नाहीत, फोल्डरच नाहीत, जंक्शन आहेत, जुन्या प्रोग्रामना नवीन जागा दाखवणाऱ्या पाट्या, आणि त्यांच्यावर सगळ्यांना मनाई मुद्दाम ठेवलेली आहे. त्यातलं लोकल फोल्डरमधलं ‘ॲप्लिकेशन डेटा’ स्वतःच्याच वरच्या फोल्डरकडे बोट दाखवतं, त्याची मनाई काढलीत तर कॉपी करणारा प्रोग्राम आत, परत आत, परत आत असा फिरत राहतो. यांना हात लावू नका, रोबोकॉपीतलं स्लॅश एक्सजे या पाट्या वगळूनच कॉपी करतं. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरवर तर टेकओन अजिबात नको.

परवानगीसारख्या दिसणाऱ्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. फाइल उघडतेय पण एखाद्याच प्रोग्राममधून सेव्ह होत नाही, तर विंडोज सिक्युरिटीत ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू आहे का बघा, ते रॅन्समवेअरपासून वाचवायला असतं, त्या प्रोग्रामला परवानगी द्या. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला ‘रीड ओन्ली’चा भरलेला चौकोन बघून घाबरू नका, फोल्डरसाठी त्याचा तसा अर्थ नाही. आणि प्रोफाइल जर ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये, म्हणजे जुनं विंडोज बाजूला ठेवलेल्या फोल्डरमध्ये, गेलं असेल तर घाई करा, साधारण १० दिवसांनी तो फोल्डर आपोआप उडतो.

एक फोल्डर मात्र तिन्ही कमांडना बधला नाही. बाबांच्या कागदपत्रांची स्कॅन, मालक मी, फुल कंट्रोल माझा, तरी डिनाइड. आयकॉनवर छोटं कुलूप होतं ते मला उशिरा दिसलं. ती ईएफएस एन्क्रिप्शनची, म्हणजे विंडोजने फाइलचा मजकूरच सांकेतिक करून ठेवल्याची खूण, कधीतरी मीच ‘एन्क्रिप्ट कंटेंट्स’वर टिक केली असणार. इथे मालकीचा उपयोग शून्य, जुन्या अकाउंटचं सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की पाहिजे, ती नसेल तर जगातली कुठलीही कमांड ती फाइल उघडत नाही. कपाटातली जुनी एसएसडी पुसलेली नव्हती हे नशीब. ती लावली, जुन्या विंडोजमध्ये जुन्या पासवर्डने शिरलो, सर्टिफिकेट मॅनेजरमधून प्रायव्हेट कीसकट एक्सपोर्ट केलं, ‘सायफर स्लॅश एक्स’नेही होतं, नवीन विंडोजमध्ये इम्पोर्ट केलं आणि बाबांच्या सहीचा पहिला कागद उघडला. त्याच रात्री त्या फोल्डरची एन्क्रिप्शनची टिक काढली, सर्टिफिकेटची एक कॉपी पेन ड्राइव्हवर घेतली, आणि जुनी एसएसडी अजून पुसलेली नाही.