नारळवाला पाणाडी, जत साईड : पाचपैकी दीड स्टार

दाजींना जतकडच्या रानात बोअर मारायचा होता म्हणून तिकडचाच एक पाणाडी बोलावलेला, नाव लिहीत नाही, माणूस गोड आहे. टायमाला आला, पैशावरनं घासाघीस नाही, त्याबद्दल एक स्टार फिक्स.

काम असं की तळहातावर नारळ आडवा ठेवून रान तुडवायचं, पाणी असंल तिथं नारळ ताडकन उभा राहतो. आणि राहतोच हो! लबाडी वाटली नाही, पण अगदी जवळनं बघितलं तर मनगट जरासं कलतं आणि त्याचं त्यालाच ते कळत नाही. कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरनं 1852 लाच हे सांगून ठेवलंय, मनात आलेलं हात नकळत करून जातो म्हणून. भाच्यानं मग टॉवेलनं डोळे बांधून परत फिरवला तर नारळ मघाची खूण सोडून पार बांधाकडेला उभा! यावर उत्तर काय, तर "डोळं बांधल्यावर शक्ती चालत नाय". आणि दाजींनी चक्क मान डोलावली!! जर्मनीत कासेलला 1990 मध्ये 30 पाणाड्यांची टेस्ट झालेली, जमिनीखालच्या पाइपातनं पाणी चालू का बंद एवढंच ओळखायचं, टेस्ट बरोबर आहे म्हणून आधी सगळ्यांनी सह्या पण केल्या, निकाल छापा-काटा.

तरी लोक बोलावतात. आपल्याकडं काळ्या पाषाणात भेग नाहीतर मांजऱ्या (भोकाभोकाचा खडक) लागला तर पाणी, नाहीतर नुसता धुरळा. थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी लागतंच, ते पाणाड्याच्या नावावर जमा, आणि कोरडा गेला की नशीब किंवा बोअरच्या गाडीवाल्यानं लवकर थांबवला. फेल गेलेल्या बोअरची गोष्ट पारावर कोण सांगत बसणार. मला तर वाटतं खरी गोम घरात आहे, एवढा पैसा मातीत घालताना पॉइंटवर बोट ठेवणारा दुसरा कुणीतरी लागतो, नाहीतर वर्षभर "जागा तुमीच काढलीसा" ऐकायचं.

दाजींना पाणी लागलं, अर्धा इंच, म्हणजे बेताचंच. शेजाऱ्यानं कुणाला न विचारता मारला त्याला पण अर्धाच.

भूजल सर्वेक्षणचं ऑफिस जिल्ह्याला आहे, तिथं आधी विचारा, गॅरंटी तेपण देत नाहीत पण तसं तोंडावर सांगतात तरी. आणि पाणाडीच पाहिजे असंल तर त्याला कोरडे गेलेले पॉइंट विचारा, आमच्यावाल्याला एकपण आठवंना.

वरचा अर्धा स्टार जाताना नारळ फोडून पोरांना खोबरं वाटलं त्याचा.