‘टीक फिनिश’ सोफा आणि ‘ओरिजिनल’ रविवर्मा

मुलुंडच्या एका नव्या फ्लॅटमध्ये दिवाळीआधी सोफा आला आणि पुढच्या आषाढात त्याचा मागचा पाय फुगून फुटला. सागवान असं फुगत नाही. खालचं काळं कापड उसवल्यावर कळलं की सागवानाचे फक्त दोन हात आणि पुढचे दोन पाय. मागचे पाय एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेले, सांगाडा पॅकिंगच्या पेट्यांच्या पाइनचा, सांधे सगळे पिनांवर. पैसे पूर्ण सागवानाचे घेतलेले, आणि बिलावर काय, तर ‘डिझायनर सोफा, टीक फिनिश’.

सगळा डाव त्या ‘फिनिश’मध्ये आहे. फिनिश म्हणजे नुसता रंग. तोंडानं ‘बर्मा टीक’ म्हणायचं आणि लिहिताना फिनिश लिहायचं. तक्रार केली की दुकानदार तोच कागद पुढे करतो.

म्हणून ऑर्डर देतानाच लाकडाची जात आणि ते कोणकोणत्या भागांत वापरणार, हे कोटेशनवर लिहून घ्या. प्लाय असेल तर ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला काही अर्थ नाही. ‘आयएस ७१०’ असं लिहून घ्या, ते मरीन प्लायचं भारतीय मानक आहे. त्या प्लायच्या थरांमधल्या गोंदाची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते. आयएसआय शिक्क्यासोबतचा सीएम/एल नंबर, म्हणजे परवान्याचा नंबर, बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही, ते दिसतं. शिक्का मारायला रबर आणि शाई पुरते, नंबर जुळवणं अवघड जातं.

पैसे तीन हप्त्यांत द्या: निम्मे ऑर्डरला, ४० टक्के कच्चा सांगाडा पाहून, उरलेले घरी माल उतरल्यावर. मधला हप्ता सगळ्यात महत्त्वाचा. फोम आणि कापड चढायच्या आधी कारखान्यात जा, मग तो ओशिवऱ्यात असो की उल्हासनगरला. पायाचा तळ पॉलिश पेपरनं घासा. सागवान आतूनही सोनेरी-तपकिरी असतं, रबरवूड पांढरट निघतं. फळीच्या वरच्या रेषा कडेवरून खाली टोकापर्यंत जातात का, ते बघा. कडेला वेगळी पट्टी लावलेली दिसली तर विनिअरचा संशय घ्या. सांध्यात कुसू (एका लाकडाच्या खाचेत बसणारं दुसऱ्याचं टोक) बसवलंय की नुसत्या पिना मारल्यात, तेही याच वेळी दिसतं. ‘कशाला त्रास घेता, आम्ही फोटो पाठवतो’ असं दुकानदार म्हणाला, तर जायलाच हवं.

फोमची फसवणूक वजनकाट्यावर उघडी पडते. ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला ४० किलो. २४ बाय २४ इंचांची, ४ इंच जाडीची गादी ४० डेन्सिटीची असेल तर साधारण १.५ किलो भरते, ३२ ची असेल तर १.२ किलो. ९०० ग्रॅमच्या आसपास भरली तर तो २३-२४ चा फोम. मऊ लागतो म्हणून दुकानात आवडतो आणि लवकर बसतो. कव्हर काढूनच तोला.

त्याच घरात, सोफ्याच्या वर, लक्ष्मीचं चित्र होतं. ‘ओरिजिनल रविवर्मा ओलिओग्राफ’ (तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापील प्रत), ४५,००० रुपये. फ्रेम खरोखरच जुनी, काचही जुनी, आतला कागद मात्र परवाचा. हा प्रकार फार चालतो, कारण गिऱ्हाईक फ्रेम बघूनच पाघळतं.

रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छपाई दगडावरची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. त्यामुळे सराफाच्या १० पटींच्या भिंगातून ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे दिसतात. फुलाच्या पाकळ्यांसारखी ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली, तर ती आजची ऑफसेट. इंकजेटमध्ये जाळी नसते, तिथे बारीक फवारा उडाल्यासारखं दिसतं. अंधारात, काच काढून, नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चनं कागद बघा. निळा-पांढरा चमकला तर त्यात चकाकीचं रसायन आहे, आणि ते कागदात १९५० च्या आसपासपासून आलं. चहाच्या पाण्यानं पिवळा केलेला कागदही बहुतेकदा इथे पकडला जातो. नाहीच चमकला तरी लगेच खरा समजू नका, भिंग लावाच. फ्रेमला किडीची भोकं असतील तर बारीक तार घालून पाहा. किडा वळणं घेत जातो, ड्रिल सरळ जातं. आणि ‘सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी’ विकणाऱ्यानंच छापलेलं असेल तर त्याची किंमत कागदाइतकीच.

छापखाना पुढे दुसऱ्यांच्या हाती गेला आणि तिथे इतर चित्रकारांचीही चित्रं छापली गेली. तेव्हा खाली प्रेसचं नाव आहे म्हणून चित्र रविवर्मांचंच, असंही नाही.

कच्चं बिल घेऊन १८ टक्के जीएसटी वाचवण्याचा मोह आवरा. पक्क्या बिलावर १५ अंकी-अक्षरी जीएसटी नंबर असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ नं सुरू होतो. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतं का पाहा.

फसलातच तर आधी लेखी नोटीस, मग १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. तोवर तो फुटलेला पाय भंगारवाल्याला देऊ नका. गादीचा तुकडा, उसवलेलं कापड, सगळं एका पोत्यात भरून माळ्यावर टाका. वर बिलाची झेरॉक्स बांधून ठेवा.