ऑन्स्लोची क्विंटेट्स: आठ महिने ऐकल्यानंतर

फेब्रुवारीत संगीतकार जॉर्ज ऑन्स्लोचं पंधरावं क्विंटेट, म्हणजे पाच तंतुवाद्यांची रचना, पहिल्यांदा लावलं ते निव्वळ त्या रचनेच्या ‘गोळी’ या टोपणनावामुळे. 1829 मध्ये ऑन्स्लो शिकारीला गेलेला असताना एक चुकार गोळी त्याच्या चेहऱ्याला लागली. जीव वाचला, पण एका कानाचं ऐकणं कायमचं अधू झालं. सी मायनर या स्वरपट्टीतली ही रचना त्याच आजारपणातली. आतल्या भागांना त्याने नावंही तशीच दिली: वेदना, ताप आणि भ्रम, उतार पडणं, बरं होणं.

पहिला महिना मी त्या संगीतात गोळीच शोधत होतो. तापाचा भाग पुन्हा पुन्हा लावायचो आणि त्यातली तडफड ऐकून थक्क व्हायचो. मग जूनमध्ये वडील हॉस्पिटलातून घरी आले. रात्री त्यांच्या खोलीबाहेर बसून मी ‘उतार पडणं’ हा संथ भाग मंद आवाजात ऐकू लागलो. अशक्त माणूस भिंतीला धरून चार पावलं टाकतो आणि थांबतो, तशी ती चाल मला वाटते. आता हे क्विंटेट मी याच भागासाठी लावतो.

ऑन्स्लो फ्रेंच, क्लेरमाँ-फेराँचा (1784–1853), घराणं मूळचं इंग्लिश. तो स्वतः चेलो वाजवायचा, आणि ते लगेच जाणवतं. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि दोन चेलो असा मेळ असला की खालचा चेलो आधार धरून ठेवतो आणि वरचा मोकळा होऊन गातो. याची गोडी लागायला मला चांगले दोन महिने लागले, कारण मी फोनच्या स्पीकरवर ऐकत होतो आणि खर्ज त्यात येतच नव्हता. कृपा करून बरे हेडफोन वापरा.

दुसऱ्या चेलोच्या जागी डबल बास (चेलोहून मोठं, आणखी खालच्या सुरांचं वाद्य) घेऊन वाजवलेली रेकॉर्डिंग्जही मिळतात. लंडनमध्ये एकदा दुसरा चेलोवादक आलाच नाही, तेव्हा प्रसिद्ध बासवादक ड्रागोनेत्ती त्याच्या जागी बसायला तयार झाला. ऑन्स्लो आधी नको म्हणाला, पण काही ओळी ऐकताच खूश झाला. पुढच्या क्विंटेट्समध्ये तो बासचा पर्याय देऊ लागला. मला मात्र दोन चेलोंचाच मेळ आवडतो, दोन्ही आवाज एकाच जातीचे असल्यामुळे.

क्विंटेट्स 34 आहेत, क्वार्टेट्स (चार वाद्यांच्या रचना) 36. सगळं सारखं उतरलेलं नाही. काही शेवटचे भाग लांबतात, आणि हात बसलेला आहे म्हणून लिहिलंय असं वाटतं. तरी 1842 मध्ये फ्रान्सच्या ललित कला अकादमीत संगीतकार केरुबिनीची जागा मिळालेला हा माणूस इतका विस्मरणात जावा, याचं मला खरंच वाईट वाटतं. हयातीत त्याच्या रचना घरोघरच्या हौशी वादकांच्या बैठकीत वाजत होत्या.

वडील आता फिरायला जातात. परवा संध्याकाळी त्यांनीच विचारलं, ‘ते रात्रीचं कुठलं होतं रे?’