सीएलके 350 की 330आय कूपे? बेळगावात जुनी दोन-दारी घेणाऱ्यांसाठी

रोजच्या वापराची गाडी घरात आहे आणि आता हौसेची जुनी जर्मन कूपे हवी आहे, असं असेल तर मर्सिडीज सीएलके 350 (2005 ते 2009) आणि बीएमडब्ल्यू 330आय कूपे (मॉडेल कोड ई92, 2006 पासूनची) या दोन्ही नीट पारखून बघा. आपल्याकडे दोन्ही दुर्मीळ, त्यामुळे सापडली की घाई होते. तीच करू नका.

कागदावर ताकद सारखी, 272 पीएस (अश्वशक्ती). मर्सिडीजचं साडेतीन लिटरचं व्ही6 2400 आरपीएमपासूनच 350 एनएम टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, देतं. सोबत सात गिअरचा ऑटोमॅटिक, त्यामुळे निपाणीकडे हायवेवर पायाखाली जोर कायम असतो. बीएमडब्ल्यूचं तीन लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं इंजिन वर फिरवावं लागतं. पूर्ण ताकद साडेसहा हजारांच्या पुढे मिळते. चोर्ला घाटात स्टीअरिंगची मजा हवी तर बीएमडब्ल्यूच, यात वाद नाही.

पण घाटापर्यंत जायचा रस्ता पावसाळ्यानंतर कसा असतो, ते आपल्याला माहीत आहे. ई92 रनफ्लॅट टायरवर (हवा गेली तरी काही अंतर धावणाऱ्या) येते, स्टेपनी नाही. टायरच्या कडा कडक, खड्डा थेट कंबरेला लागतो. सीएलके खड्डे पोटात घालते. शिवाय तिला मधला खांब नाही: चारही काचा खाली केल्या की बाजू पुढून मागेपर्यंत मोकळी. ई92 च्या मागच्या काचा उघडतच नाहीत. मागे मुलं बसणार असतील तर हा फरक मोठा आहे.

आता इंजिन. सीएलकेच्या सुरुवातीच्या व्ही6 मध्ये बॅलन्स शाफ्टचं (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचं) दातेरी चाक झिजतं. ते बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. आपल्या उद्यमबागेत क्रँकशाफ्टची कामं होतात, हाताला कसब आहे, पण इथे प्रश्न सुट्या भागाचा आणि टायमिंगच्या खास टूल्सचा आहे. म्हणून इंजिन नंबरावरून ते सुधारित दातेरी चाकाचं आहे का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून तपासून घ्या, स्कॅनरवर कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) एरर कोड आहेत का बघा. चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर सौदा तिथेच सोडा.

330आय च्या इंजिनाचा ब्लॉक मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचा आहे. फाउंड्रीवाल्या गावात याचं कौतुक वाटेल. त्याचे ॲल्युमिनियमचे बोल्ट मात्र एकदा उघडले की नवेच लावायचे. वॉटर पंप इलेक्ट्रिक आहे, बंद पडताना फारशी सूचना देत नाही, आणि डॅशबोर्डवर पाण्याच्या तापमानाचा काटाच नाही. ऑइलची डिपस्टिकही नाही, पातळी स्क्रीनवरच बघायची. व्हॉल्व्ह कव्हर आणि ऑइल फिल्टर हाउसिंगच्या गॅस्केटमधून गळती बघा.

गाडी महाराष्ट्र किंवा गोव्यातली असेल तर एनओसी (ना-हरकत दाखला) आणून केए-22, म्हणजे बेळगावची नोंदणी, करताना कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स भरावा लागतो. तो आधी आरटीओत विचारा आणि भाव त्यानुसार पाडा. 15 वर्षं पूर्ण झालेल्या गाडीचं फिटनेस आणि नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, तेही बघा. गोव्याची गाडी लिफ्टवर चढवून खालचा गंज तपासा.

माझं मत: सुधारित इंजिनाची सीएलके मिळाली तर तीच घ्या. एकटेच चालवणार आणि वळणांसाठीच घेणार असाल तर 330आय, पण वॉटर पंप बदलल्याचं बिल हातात आल्यावरच.